काळ्या घोड्याचं चित्र

गाडीतल्या स्क्रीनवर काळा रंग कसा दिसावा, हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी जेमतेम चौथी शिकले, पाचवीच्या वर्गाचं दार बाहेरूनच पाहिलं. पण रंगाच्या बाबतीत मला शहाणपण सांगायला कोणी येऊ नये, एवढं आमच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं.

आमचं दुकान आधी गाड्यांच्या सीटकव्हरांचं. आमचे हे कापायचे, मी शिवायची. कापडाच्या रंगाचा दोरा शोधायला मला कधी उन्हात जावं लागलं नाही. बोटांत धरला की कळायचं, हा जरासा फिका आहे, हा चालेल. पुढे ह्यांनी गाड्यांत रेडिओ बसवायला घेतले. ते गेल्यावर मुलाने स्क्रीन आणल्या आणि शिवणयंत्र कोपऱ्यात गेलं. मी काही कोपऱ्यात जाणारी नव्हे. पहिली स्क्रीन बसवली तेव्हा मुलगा मोठ्या कौतुकाने मला दाखवायला घेऊन गेला. मी म्हटलं, हे चित्र आहे की कपडे धुतलेलं पाणी? त्याच्या हातातून रिमोट घेतला, कुठलं बटण काय करतं ते विचारलं आणि अर्ध्या तासात चित्राला चित्रासारखं केलं. त्या दिवसापासून दुकानाचा नियमच झाला. वायरी कोणीही जोडो, स्क्रीनवर शेवटचा हात आईचा. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय गाडी दुकानाबाहेर पडत नसे. गिऱ्हाइकं मुद्दाम विचारायची, आजींनी बघितलं का?

बघायची माझी रीत ठरलेली होती. मुलाने कुठूनतरी उतरवून घेतलेली दीड मिनिटाची एक क्लिप माझ्याकडे पेन ड्राइव्हवर होती. रात्रीच्या माळावर एक काळा घोडा उभा आहे, मान हलवतो, एवढंच. वाईट स्क्रीनवर तो घोडा राखेत लोळून आल्यासारखा दिसतो आणि मागची रात्र धुरकट. राख दिसली की माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी ब्राइटनेस उतरवत आणायची, कॉन्ट्रास्ट चढवत न्यायची, अंधार आणि घोडा यांच्यामध्ये नुसती एक ओली कड उरेपर्यंत. तिथे थांबायचं. आकडे मी कधी बघितले नाहीत. आकडे ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी असतात, असं मी म्हणायची.

दुकानात समोरून उजेड यायचा, म्हणून गाडी उभी करायच्या जागेला मी स्वतः जाड काळा पडदा शिवून लावला होता. तो ओढला की भर दुपारी चित्रपटगृहासारखं वाटायचं. गिऱ्हाईक आत बसलं, घोडा बघितला की पुन्हा एकदा लावा म्हणायचं.

आता सुनेबद्दल. ती घरात आली त्याला आठ वर्षं झाली. गाड्यांच्या वायरिंगचं रीतसर शिक्षण घेऊन आलेली, परवाना तिच्याच नावावर. बोलणं इतकं कमी की तिच्याकडून दोन वाक्यं काढायची तर विहिरीतून पाणी शेंदल्यासारखं वाटावं. तिच्या कामात कोणी बोट ठेवू शकणार नाही, हे मी आज इथे सांगते आहे. तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. प्रत्येक गाडीचं ती एक कार्ड भरायची. कुठली वायर कुठे, फ्यूज कोणता, ब्राइटनेस किती, कॉन्ट्रास्ट किती, आणि खाली सही. एक प्रत गिऱ्हाइकाला, एक आपल्याकडे. तिची आणखी एक खोड होती. काम झालं की पडदा पूर्ण उघडायचा, गाडीच्या मागे सावलीत एक जुनी काळी ट्यूब ठेवायची आणि मागच्या कॅमेऱ्यातून ती स्क्रीनवर नीट दिसते का ते बघायचं. मी म्हणायची, अगं, लोक गाडीत सिनेमा बघायला पैसे मोजतात, टायरची ट्यूब बघायला नाही.

सहा महिन्यांपूर्वी नव्या पद्धतीच्या स्क्रीन आल्या तेव्हा तिने मला सांगितलं होतं. मी ते लपवणार नाही. एका गिऱ्हाइकासमोर सांगितलं, तिथेच घोटाळा झाला. मी रिमोट हातात घेतला होता आणि ती म्हणाली, "आई, या स्क्रीनला सिनेमाचं आणि मागच्या कॅमेऱ्याचं सेटिंग एकच आहे. तुम्ही इकडे काळं केलंत की तिकडेही काळं होतं. मी लावलेलं बदलू नका."

परक्या माणसासमोर सून मला हात लावू नका म्हणते. माझ्या नाकाला मिरची झोंबली. मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला की तुला आधी कळवीन." गिऱ्हाईक हसलं. सुनेच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. मी मात्र तिच्यासमोर रिमोट घ्यायचं सोडलं. ती हात धुवायला किंवा जेवायला गेली की घ्यायची. कोणाला भिऊन नव्हे, रोजची कटकट नको म्हणून. तिने काय सांगितलं ते मला कळलं नव्हतं, असंही मी म्हणणार नाही. कळलं होतं. पण कोणी सांगितलं, यातच मी अडकून राहिले.

चष्म्याच्या दुकानाचे मालक आमचे जुने गिऱ्हाईक. आम्ही त्यांना चष्मेवाले म्हणायचो. त्यांनी मोठी गाडी घेतली आणि पुढे एक मोठी स्क्रीन, मागे सीटच्या पाठीला दोन लहान, मागचा कॅमेरा, सगळं आमच्याकडेच दिलं. त्यांच्या दोन मुली प्रवासात एकमेकींच्या झिंज्या उपटतात म्हणून दोघींना वेगळी स्क्रीन. आणि आईला जुनी गाणी बघायला आवडतात.

गाडी द्यायच्या दिवशी दुपारी सुनेने कार्ड भरलं, ट्यूब ठेवून बघितली, ट्यूब उचलली आणि घरी जेवायला गेली. मुलगा सामान आणायला बाहेर गेला होता. मी पडदा ओढला, गाडीत बसले, पेन ड्राइव्ह लावला. घोडा राखेत लोळून आलेला. चष्मेवाले म्हणजे डोळ्यांचा धंदा करणारा माणूस, त्याच्यापुढे हे चित्र ठेवायचं? मी पंधरा मिनिटं घेतली आणि असा काळा लावला की माझा मलाच अभिमान वाटला. मागच्या दोन स्क्रीनही त्याच जोडीच्या केल्या.

चष्मेवाले आईला घेऊनच आले. माझ्याच वयाची बाई, अंगात गडद तपकिरी स्वेटर, पायांत कापडी बूट. मी तिला मागच्या सीटवर बसवलं आणि घोडा दाखवला. ती स्क्रीनजवळ झुकली. मग म्हणाली, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मुलगा रोज विचारतो, आई नीट दिसतंय ना, आणि मी हो म्हणते, पण काळं काळ्यासारखं मला आजच दिसलं. माझा हात तिने दोन्ही हातांत धरला. मी म्हटलं, तुमच्या मुलाने तुम्हाला चष्मे विकले, मी चित्र दिलं. ती इतकी हसली की तिला खोकला लागला. चष्मेवाल्यांनी पुढची स्क्रीन बघून मान डोलावली आणि ते गाडी घेऊन गेले. सून जेवून आली तेव्हा जागा रिकामी होती. तिने विचारलं, गाडी गेली? मी म्हटलं, गेली, आणि खूश होऊन गेली.

नऊ दिवसांनी ती बाई त्याच गाडीखाली मेली.

चष्मेवाले मुलींना शाळेत सोडायला निघाले होते. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमधून गाडी मागे घ्यायची, शेडसमोर अंगण, मग फाटक. आई, अंगात तोच तपकिरी स्वेटर, फाटक लावायला म्हणून मागून चालत आली, किल्ली हातातून पडली आणि ती शोधायला गाडीच्या मागे वाकली. आरशात वाकलेलं माणूस येत नाही. मुली आत आपापल्या स्क्रीनवर बघत होत्या. त्यांना वाटलं, बाबांनी कुंडी पाडली.

आम्ही तिघं भेटायला गेलो. चष्मेवाले खुर्चीत बसले होते, अंगावर कालचाच शर्ट. त्यांच्या भावाने आमच्यादेखत त्यांना विचारलं, फोनवर बोलत होतास ना, खरं सांग. हे घरात त्याआधी किती वेळा विचारून झालं असेल कोण जाणे. ते भावाकडे न बघता मला म्हणाले, "मी स्क्रीन बघूनच मागे घेतली, आजी. तिथे कोणी नव्हतं. शेडमध्ये नुसतं काळं होतं आणि पुढे ऊन."

मी पाण्याचा पेला हातात धरला होता. तो खाली ठेवला. माझ्या बाजूला सून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं, कारण मग मला तिच्यावर चिडता आलं असतं. निघताना मी त्या शेडशी थांबले. सकाळचे दहा वाजले होते. अंगणात डोळे दिपवणारं ऊन आणि पत्र्याखाली गार, तपकिरी सावली. तिच्या स्वेटरच्या रंगाची. दोऱ्याची छटा ओळखणाऱ्या बाईला त्याहून जास्त काही सांगावं लागत नाही.

तरी मी गप्प राहिले. पाच दिवस.

दुसऱ्या दिवशी पोलिसांचा तपास अधिकारी आला. तरुण, बारीक, बुटांवर धूळ, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणारा. पोलिसांनी गाडी आपल्या आवारात नेऊन ठेवली होती. त्याने कार्डाची प्रत मागितली. कार्डावर ब्राइटनेस पन्नास, कॉन्ट्रास्ट पन्नास. गाडीत निघाले तेवीस आणि अडुसष्ट. चष्मेवाल्यांना मेनू कुठे असतो हेही माहीत नव्हतं, मुलींचा हात तिथवर पोचत नाही. त्याने सुनेला विचारलं, सही तुमची? ती म्हणाली, माझी. मग आकडे खोटे का लिहिले? ती म्हणाली, खोटे नाहीत, मी पन्नासच लावलं होतं. नंतर कोणी बदललं? ती म्हणाली, मी बघितलं नाही.

मी काउंटरमागे उभी होते. त्याने मला एक शब्द विचारला नाही. म्हाताऱ्या बाईला काय विचारायचं, असा त्याचा चेहरा. एरवी मी त्याला त्यावरून चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी मला तो चेहरा आवडला. हे सांगताना लाज वाटते, पण आवडला.

त्यानंतर सुनेला रोज बोलावणं येऊ लागलं. सकाळी जायची, दुपारी यायची, आल्यावर भांडी घासायला बसायची. तिसऱ्या दिवशी मुलाने सांगितलं की परवाना जाणार हे नक्की, आणि निष्काळजीपणे मृत्यूला कारण झाल्याचा खटला सोमवारी तिच्या नावावर दाखल होणार. तुरुंगही होऊ शकतो. माझा मुलगा असा आहे की त्याला विचारलं पाणी गरम हवं की गार, तर तो म्हणेल चालेल. तो मला हळूच म्हणाला की यंत्रं आपोआपही बिघडतात, आपण तसंच सांगू, बायकोला मी समजावतो. मी म्हटलं, समजाव. तो समजवायला गेला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा कोणी थोबाडीत मारल्यासारखा होता. ती म्हणाली होती, यंत्र बिघडलेलं नाही, मग तसं कसं सांगू.

मला माहीत होतं की तिला माहीत आहे. त्या दुपारी दुकानात माझ्याशिवाय कोण होतं? तिने एकदा म्हणावं, साहेब, आमच्या सासूबाईंना विचारा. मग मी तिच्यावर तुटून पडले असते, सात पिढ्यांचा उद्धार केला असता, आणि शेवटी कबूल झाले असते. मला कबूल व्हायचंच होतं बहुतेक. पण कोणीतरी ओढून न्यायला हवं होतं. स्वतःच्या पायांनी जायचं म्हणजे मग मान कुठे ठेवायची? या बाजारात माझी नजर हेच माझं सगळं. शाळा नाही, दुकानाच्या कागदावर नाव नाही. ही नजर होती. तिनेच बाई मारली असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

रविवारी सकाळी ती मधल्या खोलीत एका पिशवीत कपडे घालत होती. दोन जोड्या, टॉवेल, दात घासायचा ब्रश. कोणी सांगितलं नव्हतं, तरी घालत होती. तेवढ्या व्यवस्थित घड्या मी तिच्या हातून कधी पाहिल्या नव्हत्या.

मी दारात उभी राहिले. म्हटलं, "तू माझं नाव का घेतलं नाहीस?"

ती घडी घालत राहिली. म्हणाली, "मी बघितलं नव्हतं, आई. न बघितलेलं कसं सांगू?"

"तुला कळत नाही का?"

"कळतं." तिने पिशवीची चेन लावली. "पण तुम्ही आहात की सांगायला."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच वाईट. पाच दिवस ही बाई माझी वाट बघत होती. सासूकडून काय अपेक्षा करायची असते हे आठ वर्षांत मी तिला चांगलं शिकवलं होतं, तरी वाट बघत होती.

मी दुकानात गेले, शिडी लावली आणि पडदा उतरवला. मुलगा धावत आला, आई, पडशील. मी म्हटलं, पडले तर तुझा प्रश्न सुटेल, शिडी धर.

अधिकाऱ्याने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. पडदा काखेत घेऊन आलेली म्हातारी, बरोबर डोळे खाली घातलेला मुलगा. त्याने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजुतीने सांगितलं की आजी, सुनेला वाचवायची तुमची धडपड कळते, पण अशाने खटला मागे जात नाही. सुनेला वाचवणारी सासू म्हणून मी ओळखली जावी, हे काय नशिबात होतं. मी म्हटलं, साहेब, मी तिला आठ वर्षांत एकदा चांगलं काम केलंस म्हटलेलं नाही, गल्लीत कोणालाही विचारा. तो म्हणाला, तुम्हाला मेनू तरी वाचता येतो का? मी म्हटलं, वाचायचं कशाला, बघता येतं. गाडी तुमच्याकडे आहे. ते आकडे पन्नासवर आणा, वर कागद चिकटवा म्हणजे मला दिसणार नाहीत, आणि माझ्या हातात रिमोट द्या.

त्याने पेनाला टोपण लावलं. मग उठला.

पोलिसांच्या आवारात पत्र्याची लांब शेड होती आणि पुढे उघडं मैदान, उन्हाने पांढरं पडलेलं. शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून ती गाडी. त्याने चष्मेवाल्यांना आणि सुनेलाही बोलावून घेतलं. चष्मेवाले गाडीपासून लांब उभे राहिले. अधिकाऱ्याच्या माणसाने सगळे आकडे पन्नासवर आणले आणि स्क्रीनच्या त्या कोपऱ्यावर चिकटपट्टी लावली. मी मुलाला म्हटलं, काचांवर पडदा टाक, मी अंधारात लावलं होतं. गाडी चारी बाजूंनी झाकली. आत मी आणि शेजारी अधिकारी.

पेन ड्राइव्ह लावला. घोडा आला, राखेतला.

इतकी वर्षं मी हे काम जमावं म्हणून केलं. त्या दिवशी मला मनातून वाटत होतं की जमू नये. थोडा अलीकडे थांबावा हात, थोडा पलीकडे जावा. पण डोळा ऐकत नाही. राख दिसली की बोट बटणावर जातंच. उतरव, अजून उतरव. आता कॉन्ट्रास्ट. घोड्याच्या मानेवर ती ओली कड आली आणि मी थांबले. अधिकारी नकळत पुढे झुकला होता. त्यालाही चित्र आवडलं होतं, मला कळतं ते.

त्याने पट्टी सोलून काढली. चोवीस आणि अडुसष्ट.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तुमच्या शेडला वरून फट आहे, उजेड येतो. म्हणून एक चढला. माझ्या दुकानात तेवीसच होता.

त्याने पडदा काढायला सांगितलं आणि गियर रिव्हर्सला टाकला. इंजिन बंदच होतं. स्क्रीनवर मागचं चित्र आलं. वरच्या बाजूला पांढरं मैदान, खालच्या बाजूला सावली. सावली कसली, नुसतं काळं. तो म्हणाला, मागे कोणीतरी बसायला हवं, त्याच जागी. सून पुढे झाली. आधी तिने स्वतःच्या हाताने दोन्ही चाकांना दगड लावले, पायाने दाबून बघितले. मग माझ्या खांद्यावरची तपकिरी शाल मागून घेतली, डोक्यावरून ओढून घेतली आणि गाडीच्या मागे गेली.

चष्मेवाले तोवर दारापाशी आले होते. मी सरकले आणि त्यांना स्क्रीन दिसेल अशी जागा केली.

पाय जाताना दिसले, उन्हाच्या कडेला. मग ती वाकली आणि सावलीत गेली आणि नाहीशी झाली. मी डोळे बारीक केले, स्क्रीनजवळ नेले. तपकिरी दोऱ्यांच्या ढिगातून एक चुकीचा दोरा मी चिमटीत धरून काढलेला आहे. मला माझी सून सापडेना. चार हातांवर माणूस बसलं होतं, मला माहीत होतं तिथे आहे, आणि तिथे काही नव्हतं.

"असंच होतं," चष्मेवाले म्हणाले. कोणालाच उद्देशून नव्हे. त्यांचा भाऊ तिथे असता तर बरं झालं असतं. मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आईला फार आवडलं होतं हे चित्र. रोज म्हणायची, एकदा त्या आजींना घरी बोलाव."

मी रिमोट सीटवर ठेवला. 

"ऊठ गं," मी मागे वळून ओरडले. तिला ऐकू गेलं नाही. मी स्क्रीनकडेच बघत राहिले. मग त्या काळ्यातून आधी तिच्या चेहऱ्याचा एक तुकडा उन्हात आला, मग हात, मग ती उठून उभी राहिली, गुडघ्यांवरची माती झटकत.

जबाब लिहायला दुपार झाली. अधिकारी लिहायचा, वाचून दाखवायचा, मी मान हलवायची. एका ठिकाणी त्याने लिहिलं होतं की सदर महिलेस परिणामाची कल्पना नव्हती. मी म्हटलं, ते खोडा. कल्पना दिली होती, गिऱ्हाइकासमोर दिली होती, मी ते हसण्यावारी नेलं. तो म्हणाला, आजी, हे तुमच्याविरुद्ध जाईल, कोर्टात वकील याच ओळीवर बोट ठेवेल. मी म्हटलं, ठेवू दे. त्याने खोडलं. सही करायला मला वेळ लागतो, प्रत्येक अक्षर वेगळं काढावं लागतं. पाचही जण माझ्या हाताकडे बघत होते.

सुनेचं नाव खटल्यातून निघालं, परवाना राहिला. माझी तारीख पुढच्या महिन्यात आहे. वकील म्हणतो वय बघून सोडतील कदाचित. बघू दे वय.

घरी आल्यावर ती पिशवी मधल्या खोलीत तशीच होती. मी तिला म्हटलं, पिशवीतलं तुझं काढ, माझं घाल, म्हणजे पुन्हा धुंडाळायला नको. तिने काढलं. माझे दोन जोड, टॉवेल घातला. मग विचारलं की गुडघ्याचं तेल ठेवू का. मी म्हटलं, ठेव. आठ वर्षांत आम्ही दोघींनी मिळून केलेलं ते पहिलं काम असावं.

दुकानात पडदा पुन्हा लावलेला नाही. गाडी आली की ती पन्नासवर लावते, ट्यूब ठेवते, बघते, कार्ड भरते. शेवटचा हात आता तिचा. गेल्या आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं, आजींनी बघितलं का? ती माझ्याकडे बघायला लागली. मी काउंटरमागून म्हटलं, तिने बघितलंय, पुरे आहे.

पेन ड्राइव्ह पोलिसांकडे पुराव्यात जमा आहे.